तीन चित्रं आणि एक चटई: एका व्हिडिओ मांडणशिल्पाचा डिजिटल संग्रह

व्हिडिओ मांडणशिल्पाच्या (पडदे, ध्वनी आणि खोली मिळून उभ्या केलेल्या कलाकृतीच्या) संग्रहाचं काम निघालं की सगळ्यांचा हात आधी टेपांकडे जातो. टेपा खराब होत असतात, त्या वाजवणारी यंत्रं मिळेनाशी झालेली असतात, तेव्हा ही घाई रास्तच आहे. पण टेपा वाचल्या म्हणून काम वाचलं असं होत नाही. पुढचं प्रकरण त्यासाठीच घेतलं आहे. ते कुणा एका कलाकाराचं नाही. या क्षेत्रात हमखास समोर येणाऱ्या अडचणी एकाच कामात बसवून नमुना म्हणून रचलं आहे. त्यातली तांत्रिक आकडेमोड मात्र खरी आहे आणि तशीच वापरता येईल.

काम १९९८ सालचं, तीन चॅनलचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन चित्रांचं. अंधाऱ्या खोलीत समोरच्या भिंतीवर प्रक्षेपण, डावीउजवीकडे दोन मोठे सीआरटी मॉनिटर (जुन्या टीव्हीसारखे, काचेच्या नळीचे). तिन्हींवर १२ मिनिटांचा फेरा अखंड चालू. दारापासून दोन मीटरवर गालिच्याखाली दाबाची चटई. तिच्यावर पाय पडला की ३ सेकंदांत आवाज खाली उतरतो. चटई २० सेकंद रिकामी राहिली की पुन्हा वर येतो. माणूस जवळ आला की काम दबकतं, माणूस दूर झाला की बोलू लागतं. तीन वेळा, तीन वेगळ्या आकारांच्या खोल्यांत ते मांडलं गेलं. कलाकार हयात आहेत आणि वेळ द्यायला तयार आहेत. ही फार मोठी जमेची बाजू, आणि तिचा उपयोग पहिल्या आठवड्यापासून करायला हवा. सगळं स्कॅन करून झाल्यावर शेवटी एक मुलाखत उरकणं म्हणजे ती संधी वाया घालवणं.

हाती आलेलं साहित्य: ७ बीटाकॅम एसपी, ६ यू-मॅटिक, १४ हाय-एट आणि ११ मिनीडीव्ही टेपा, पहिल्या दोन मांडण्यांच्या लेझरडिस्क (व्हिडिओच्या मोठ्या तबकड्या), तिसरीच्या ३ डीव्हीडी, स्लाइड, पत्रव्यवहार, नकाशे काढलेल्या दोन वह्या, आणि २००१ साली कलाकारांनी स्वतः केलेली एक सीडी-रॉम. चटईला जोडलेला नियंत्रक आणि त्यातला प्रोग्रॅम हरवलेला.

नोंद कशाची करायची

पहिला आराखडा साधा होता: कामाचं एक पान, त्यावर तीन व्हिडिओ, खाली छायाचित्रांची दालनं. आठवड्याभरात तो कोलमडला, कारण ‘प्रक्षेपणाची रुंदी किती’ या प्रश्नाला तीन उत्तरं निघाली आणि तिन्ही बरोबर होती. प्रत्येक खोलीत ती वेगळी होती.

त्यामुळे नोंदीचे चार थर केले: काम, मांडणी, घटक, फाइल. छायाचित्र, नकाशा, पत्र, टेप यांतलं काहीही थेट ‘काम’ला जोडायचं नाही, ‘मांडणी’ला जोडायचं. कुठल्या मांडणीचं आहे ते कळत नसेल तर ‘अनिश्चित’ नावाच्या वेगळ्या खणात. गुगेनहाइम संग्रहालयात माध्यमकलेच्या प्रत्येक मांडणीचा स्वतंत्र अहवाल लिहिण्याची पद्धत आहे, तिच्यामागचा विचार हाच. दुसऱ्या मांडणीची नोंद अशी झाली:

खोली ९ × ७ मीटर, छत ३.४ मीटर (वही क्र. १, पान १४). प्रक्षेपण रुंदी ३.२ मीटर (तेच पान). छायाचित्रावरून मोजल्यास २.९ मीटर. स्पीकर दोन, मागच्या कोपऱ्यांत (मुलाखत). छायाचित्रांत दिसत नाहीत. चटई १२० × ८० सेंटिमीटर (वही क्र. १, पान १५). भिंती निळसर करड्या (स्लाइड); काळ्या (मुलाखत).

शेवटची ओळ पाहा. स्लाइडवरचा निळसरपणा पुरावा म्हणून कच्चा आहे. टंगस्टन प्रकाशासाठीची फिल्म दिवसाच्या उजेडात वापरली की चित्र निळं येतं, आणि उलट केलं की पिवळट-नारिंगी. त्यामुळे इथे स्लाइडपेक्षा मुलाखतीचं वजन जास्त. पण म्हणून स्लाइडची नोंद खोडायची नाही. दोन्ही विधानं आपापल्या स्रोतासह शेजारी राहतात आणि ठरवणाऱ्याला ठरवू देतात. प्रत्येक आकड्यामागे ‘हे कोण सांगतं’ हा रकाना नसलेला संग्रह दहा वर्षांनी कुणालाच वापरता येत नाही. काम पुन्हा उभं करणाऱ्याला त्यातलं नक्की काय आणि अंदाज काय हे कळत नाही.

टेपा

क्रम धोक्यावरून ठरवला, महत्त्वावरून नव्हे: आधी यू-मॅटिक, मग हाय-एट, मग मिनीडीव्ही, शेवटी बीटाकॅम. सहापैकी दोन यू-मॅटिक टेपा वाजवताना किंचाळल्या आणि हेडवर तपकिरी राप सोडून गेल्या. टेपेवरचा बाइंडर (चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर) ओल धरून चिकट झाल्याची ही खूण. अशी टेप पुन्हा घालून बघायची नाही, तिथल्या तिथे थांबायचं. सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास नियंत्रित उष्णता दिली की ती तात्पुरती वाजवण्याजोगी होते, पण हे काम अनुभवी प्रयोगशाळेचं. घरगुती ओव्हनमध्ये तापमान दहा-पंधरा अंशांनी वरखाली होतं आणि टेप कायमची जाते.

ॲनालॉग टेपांचं अंकीकरण ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, १० बिट, ४:२:२ रंगमापनात (रंगाची माहिती उजेडाच्या निम्मी). टेपा पाल या भारतात-युरोपात चालणाऱ्या टीव्ही पद्धतीच्या असल्यामुळे हे आकडे. असंकुचित ठेवल्यास तासाला जवळजवळ १०० जीबी लागतात. एफएफव्ही१ या कोडेकनं (व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीनं) काहीही न गमावता ते साधारण ३५ ते ५० जीबीवर येतं, शिवाय प्रत्येक फ्रेमच्या तुकड्यागणिक तपासणी-बेरीज (चेकसम) आतच राहते, त्यामुळे पुढे फाइल बिघडली तर कुठे बिघडली ते कळतं. टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपेतून डळमळत येणाऱ्या चित्राची वेळ सरळ करणारं यंत्र, साखळीत हवाच. तो नसेल तर हाय-एटची उभी रेघ नागमोडी दिसते आणि कॅप्चर कार्ड फ्रेमा गाळतं.

मिनीडीव्हीची गोष्ट वेगळी. त्या टेपेवर आधीच आकडे आहेत, तेव्हा त्या फायरवायर या डिजिटल जोडणीतून जशाच्या तशा उतरवायच्या, तासाला सुमारे १३ जीबी. ॲनालॉग आउटपुटमधून घेणं म्हणजे मूळ प्रत टाकून नक्कल ठेवणं. एक टेप लाँग-प्ले गतीत रेकॉर्ड केलेली होती आणि दोन यंत्रांवर चौकटी चौकटींत फुटत होती. अशी टेप वाजवायचा सर्वांत चांगला प्रयत्न ती ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक दिसायला क्षुल्लक असते. या व्हिडिओची प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, विभागलेली असते; हेच इंटरलेसिंग. मिनीडीव्हीच्या डीव्ही पद्धतीत खालचं फील्ड आधी येतं, पालच्या स्टुडिओ साखळीतून आलेल्या चित्रात बहुधा वरचं. दोन्ही एकाच टाइमलाइनवर टाकून निर्यात केली की हलणारा हात पुढे-मागे-पुढे असा थरथरतो. स्थिर चित्रात काहीच दिसत नाही, म्हणून तपासणीत सुटतं. मूळ फाइलीत इंटरलेसिंगला हात लावायचा नाही. पाहण्याच्या प्रतीत ते काढायचं तर सेकंदाला ५० फ्रेम ठेवायच्या. २५ केल्या तर हालचालींचा अर्धा भाग कायमचा जातो, आणि व्हिडिओचं ते विशिष्ट गुळगुळीतपण जाऊन सगळं सिनेमासारखं दिसू लागतं. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओकलेवर हा अन्याय आहे.

कडांचा प्रश्न याहून गमतीचा. सीआरटी मॉनिटर चित्राच्या कडा काचेबाहेर ढकलतो; प्रत्येक बाजूची चार-पाच टक्के पट्टी प्रेक्षकाला दिसतच नाही. प्रोजेक्टरवर मात्र ती दिसते. डाव्या चॅनलच्या टेपेत उजव्या कडेला मायक्रोफोनचं टोक डोकावतं. १९९८ साली ते कुणालाही दिसलेलं नाही. अंकीकृत फाइल ब्राउझरमध्ये उघडली आणि ते टोक पहिल्यांदाच जगासमोर आलं. मूळ फाइल पूर्ण ठेवली, पण संग्रहातल्या दोन मॉनिटर-चॅनलना कडांची झाकण-चौकट दिली, आणि ती बंद करण्याचं बटणही. संशोधकाला पूर्ण फ्रेम हवी असते, पाहणाऱ्याला काम हवं असतं.

एकाच घड्याळावर तीन चित्रं

पहिल्या दोन मांडण्यांत लेझरडिस्क प्लेअर एका सिंक्रोनायझरनं बांधलेले होते, तिन्ही चित्रं फ्रेमला फ्रेम धरून चालत. तिसऱ्या मांडणीत साधे डीव्हीडी प्लेअर, हातानं एकत्र सुरू केलेले. डीव्हीडी फेरा संपवून सुरुवातीला येताना क्षणभर अडखळते आणि हा क्षण प्रत्येक यंत्राचा वेगळा. दर फेऱ्याला ०.२ सेकंदाचा फरक धरला तरी आठ तासांच्या ४० फेऱ्यांत ८ सेकंदांची तफावत साठते. सकाळी आलेल्यानं एक काम पाहिलं, संध्याकाळी आलेल्यानं दुसरं. डाव्या पडद्यावर दार बंद होतं आणि त्याच फ्रेमला उजवीकडे दिवा लागतो, हा या कामाचा एक कणा. संध्याकाळी दिवा आठ सेकंद उशिरा लागत होता. कलाकारांना ही तफावत तेव्हा ठाऊक होती, पसंत नव्हती, पण ती मांडणी नाकारायचीही नव्हती. त्यामुळे संग्रहात दोन्ही हव्यात, आणि त्यांचा फरक स्पष्ट दिसायला हवा.

बांधलेल्या मांडण्यांसाठी ब्राउझरमध्ये तीन स्वतंत्र व्हिडिओ चालवू नयेत. प्रत्येकाचं बफरिंग वेगळं, काही मिनिटांतच ते एकमेकांपासून सरकतात. तिन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून एकच फाइल केली: पिक्सेल चौकोनी करून प्रत्येकी ७६८ × ५७६, एकूण २३०४ रुंद. संकेतस्थळावर मांडणीची खोली त्रिमितीय रूपात उभी केली आहे; तिच्यात हीच एक फाइल तीन पृष्ठभागांवर ताणली, प्रत्येकाला तिचा एकतृतीयांश भाग देऊन. फाइल उलगडणारा एकच डिकोडर चालू असल्यामुळे चित्रं सुटी होऊच शकत नाहीत. पहिल्या चाचणीत प्रक्षेपणाच्या कडेला शेजारच्या चॅनलच्या रंगाची बारीक रेघ झिरपत होती. चित्र लहान-मोठं करताना ग्राफिक्स कार्ड शेजारचे पिक्सेल मिसळतं म्हणून. प्रत्येक चित्राच्या कडेचे पिक्सेल बाहेर ८ पिक्सेलपर्यंत पुन्हा छापले की ती रेघ जाते. मध्ये काळी पट्टी ठेवून भागत नाही, मग काळं झिरपतं.

तिसऱ्या मांडणीसाठी उलट. तिथे तीन वेगळे व्हिडिओच लागतात, कारण त्यांना मुद्दाम सरकवायचं आहे. ‘सकाळी उघडताना’ ते ‘संध्याकाळी बंद होताना’ अशी एक पट्टी दिली. ती सरकवली की साठलेली तफावत त्या प्रमाणात लागू होते. पडद्यांची खरी वेळ ठरलेल्या वेळेपासून ४० मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे मूळ टेपेच्या एका फ्रेमपेक्षा, जास्त ढळली की त्या व्हिडिओची गती दोनेक टक्के बदलून त्याला हळूच जागेवर आणलं जातं. उडी मारून आणलं तर झटका दिसतो. चित्रं मुकी असल्यानं गतीतला हा बदल कुणाला जाणवत नाही. पट्टीशेजारी लिहिलं आहे की ०.२ सेकंद हे आपण धरलेलं मूल्य आहे, मोजलेलं नाही.

चटई

खरी कसोटी इथे. चटईच्या जागी बटण ठेवणं सोपं होतं, आणि पहिल्या मसुद्यात तसं होतंही: ‘चटईवर पाय ठेवा’. कलाकारांनी ते लगेच नाकारलं आणि ते योग्यच होतं. त्या खोलीत कुणालाही चटई दिसत नव्हती. माणूस चित्राकडे ओढला जाऊन पुढे जायचा, आवाज उतरायचा, आणि आपल्यामुळे उतरला हे त्याला उशिरा कळायचं, काहींना कळायचंही नाही. बटण दाबणाऱ्याला परिणाम आधीच ठाऊक असतो. एकाच बटणानं कामाचा अर्थ उलटा होतो.

शेवटी चटई अदृश्यच ठेवली. पाहणारा खोलीत फिरतो; त्याची जागा नकाशातल्या १२० × ८० सेंटिमीटरच्या चौकोनात आली की नियम लागू होतो. चौकोन कुठे आहे ते ‘नियम दाखवा’ हा थर उघडल्यावरच दिसतं, आणि तो थर पहिला फेरा पुरा झाल्याशिवाय उघडत नाही. ब्राउझर तसाही पहिल्या क्लिकशिवाय आवाज वाजू देत नाही, म्हणून ती क्लिक दारावर ठेवली. आत येण्याची ती एकच क्लिक.

आवाज किती उतरायचा? मांडणीचं चित्रीकरण केलेली हाय-एट टेप होती, तिच्यावरून मोजायचा प्रयत्न फसला. घरगुती कॅमेऱ्यात ध्वनीची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. खोलीतला आवाज खाली गेला की ते मायक्रोफोनचा आवाज वर चढवतं. टेपेवर उतार जवळजवळ सपाट झाला होता. उत्तर वहीत सापडलं: मिक्सरच्या खुणा, एक शून्यावर, दुसरी उणे १२ डेसिबलवर. म्हणजे ध्वनिलहरीची उंची सुमारे एक चतुर्थांश. हा उतार डेसिबलमध्ये समान ठेवायचा. साध्या सरळ रेषेत गुणक कमी केला तर पहिल्या दोन सेकंदांत डेसिबलमधला निम्माच उतार होतो आणि उरलेला निम्मा शेवटच्या एका सेकंदात कोसळतो.

फेऱ्याच्या सांध्यावर आणखी एक खड्डा होता. एएसी या आवळलेल्या प्रकारच्या ध्वनीच्या सुरुवातीला कोडेक थोडी शांतता भरतो, त्यामुळे दर १२ मिनिटांनी टक् असं ऐकू येई. संपूर्ण ध्वनिपट मेमरीत उलगडून फिरवला तर टक् जातो, पण ४८ किलोहर्ट्‌झच्या स्टीरिओ ध्वनीची १२ मिनिटं उलगडल्यावर सुमारे २७६ एमबी होतात आणि फोन पान बंद करून टाकतो. सांध्याच्या वेळी ऐकू येते ती फक्त ४० सेकंदांची खालची घरघर. तेवढीच वेगळी काढून मेमरीत फिरवली, १५ एमबीत भागलं. बाकीचा ध्वनी त्याच्या फाइलीतूनच वाजत राहिला.

आणि तरीही हे त्या कामाचं अनुकरण आहे, काम नव्हे, हे पानावर ठळक लिहिलं आहे. मूळ आणि अनुकरण यांची तुलना उघडपणे मांडण्याचा एक चांगला दाखला आहे. ग्रेहॅम वाइनब्रेन आणि रॉबर्टा फ्रीडमन यांचं ‘द अर्ल किंग’ हे १९८२ ते ८५ मधलं स्पर्शपडदा आणि लेझरडिस्कवर चालणारं काम. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये २००४ साली त्याचं मूळ यंत्र आणि नव्या संगणकावरची आवृत्ती शेजारी शेजारी ठेवली होती. प्रेक्षकानं स्वतः हात लावून ठरवावं, यापेक्षा प्रामाणिक मार्ग नाही.

सीडी-रॉम

कलाकारांनी २००१ साली केलेली सीडी मॅकिंटॉशसाठी, डायरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली. कुणीतरी आधी तिच्यातल्या फाइली आजच्या संगणकावर ओढून घेतल्या होत्या आणि त्या उघडत नव्हत्या. जुन्या मॅक फाइलींना दोन भाग असतात, त्यातला रिसोर्स फोर्क अशा नकलेत गळून पडतो आणि कार्यक्रम म्हणून ती फाइल मेलेली असते. सीडीची सेक्टरगणिक प्रतिमा घेतली, शीपशेव्हर या एम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मॅक ओएस ९ वर लावली आणि ती चालली. पण वेगात: संगणकाच्या गतीवर विसंबून लिहिलेली दृश्यं धावत सुटली. एम्युलेटरची गती आवळावी लागली. वाचनकक्षातल्या एका संगणकावर ती उपलब्ध आहे. संकेतस्थळावर तिच्यातून फिरतानाचं पडद्याचं रेकॉर्डिंग.

या सीडीनं मोठा धडा दिला. संवादी संग्रहात सर्वांत आधी मरतो तो संवादच. ॲन-मारी द्युगे यांच्या ‘अनार्काइव्ह’ मालिकेकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं. व्हिडिओ आणि मांडणशिल्प करणाऱ्या कलाकारांसोबत बसून केलेले हे संग्रह: मुंतादास यांचा १९९९ साली सीडी-रॉमवर, मायकेल स्नो यांचा २००२ साली डीव्हीडी-रॉमवर, आणि मासाकी फुजिहाता यांचा २०१६ साली पुस्तकासोबत ऑगमेंटेड रिॲलिटीत. प्रत्येक वेळी कलाकाराच्या विचाराला साजेसं रूप शोधलं, हे त्या मालिकेचं बळ. आणि प्रत्येक वाहकाचं आयुष्य आतल्या मजकुरापेक्षा कमी. फ्लॅशमध्ये केलेले अगणित संग्रह तर २०२० अखेर त्याचा आधार संपताच मिटले.

म्हणून या प्रकरणात माहिती आणि दर्शनी भाग पूर्ण वेगळे ठेवले. सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत, प्रत्येक मांडणीची एक. त्रिमितीय खोलीची मापंही त्याच नोंदीतून वाचली जातात, आराखड्यात कोरलेली नाहीत. चटईचा नियम शब्दांत लिहिलेला: कोणत्या अटीला, किती वेळात, किती. उद्या ब्राउझरमधली खोली चालेनाशी झाली तर या मजकुरावरून दुसरी बांधता येते, किंवा खरी. संकेतस्थळ डेटाबेसविना, स्थिर पानांचं. लागणारी प्रत्येक लायब्ररी बाहेरून न ओढता सोबतच ठेवलेली. त्रिमितीय दृश्य न चालणाऱ्या फोनवर सपाट नकाशा उघडतो आणि त्यावर बोट फिरवलं तरी तोच नियम चालतो.

साठवणीचा हिशेब किरकोळ निघाला. सुमारे १८ तास ॲनालॉग आणि ११ तास डीव्ही मिळून एक टीबीच्या आसपास. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा तपासणी-बेरजा जुळवणं. एलटीओ या संगणकीय साठवणीच्या टेपेवर ठेवणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की आठव्या पिढीचं यंत्र सातवीच वाचतं, सहावी नाही. टेप टिकली तरी तिला वाचणारं यंत्र टिकत नाही, तेव्हा स्थलांतराची तारीख टेप घेतानाच लिहून ठेवावी.

हक्कांसाठी कामाला एक परवानगी पुरत नाही. मांडणीच्या छायाचित्रांचा हक्क छायाचित्रकाराचा, चित्रातल्या माणसांची संमती वेगळी, आणि १९९८ साली त्यांनी दिलेली संमती दालनापुरती होती. इंटरनेट तिच्यात नव्हतं. चौघांपैकी एका व्यक्तीनं नकार दिला. तिची १ मिनीडीव्ही टेप जपलेली आहे, यादीत तिचं अस्तित्व दिसतं, पण ती उघडत नाही.

नियंत्रक हरवल्यामुळे एक रकाना अजून भरलेला नाही: चटई किती वजनाला चालू व्हायची. लहान मूल चटईवर उभं राहिलं तर आवाज उतरायचा का, हे त्यावर ठरतं. वहीत आकडा नाही, मुलाखतीत आठवलं नाही. सॉफ्टवेअर रिकाम्या जागी आपोआप शून्य भरत होतं आणि शून्य म्हणजे कशालाही चालू होणारी चटई, म्हणून तो रकाना संख्येऐवजी मजकुराचा केला आणि त्यात लिहिलं: ‘नोंद नाही. वही १, वही २, मुलाखत तपासली.’